खाडाखोडीतले प्राणी

हल्ली इन्स्टावर दर चार रील्समागे एक तरी येतंच, की फोनवर बोलताना तुम्ही कागदावर काय गिरगटता त्यावरून तुमचा स्वभाव ओळखा. चौकोन काढत असाल तर शिस्तीचे, गोल काढत असाल तर प्रेमळ, डोळे काढत असाल तर कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे असं तुम्हाला वाटतं, आणि जिने काढत असाल तर मग काय, प्रमोशन पक्कं. मला या प्रकाराचा भयंकर राग येतो. एकतर मी स्वतः आयुष्यभर गिरगटत आलेय आणि माझ्या रेघोट्यांचं भविष्य कुणी कुडमुड्या जोशासारखं सांगावं हे मला मंजूर नाही, पण त्याहून जास्त डोक्यात जातं ते त्यामागचं गृहीतक, म्हणजे आत कुठेतरी आपलं एक 'खरं' रूप कुलूपबंद पडलंय आणि चित्र काढलं की ते बाहेर येणार. वीकेंडची आर्ट वर्कशॉपं घ्या, व्हिजन बोर्ड घ्या, सगळ्यांची टॅगलाइन तीच, स्वतःला शोधा.

माझं म्हणणं जरा उलटं आहे, आणि ते मला सुचलं ते रवींद्रनाथ टागोरांच्या चित्रांमुळे.

हो, तेच. शाळेच्या भिंतीवर टिळक-गांधींच्या रांगेत लटकलेले, पांढरी दाढी, लांब झगा, डोळ्यात कायम काहीतरी अथांग वगैरे. आपल्याकडे त्यांच्या नावाला राष्ट्रगीत, नोबेल आणि शांतिनिकेतन एवढी तीन लेबलं चिकटलेली असतात आणि त्यापलीकडे कुणी फारसं जात नाही. मीही गेले नव्हते. पण या माणसाने वयाची साठी उलटल्यावर चित्रं काढायला घेतली आणि मरेपर्यंत, म्हणजे १९४१ पर्यंत, दोन हजारांवर काढली. आणि ती बघितली तर गीतांजली लिहिणारा हाच का तो, असा प्रश्न पडावा अशी आहेत. चोचीचे, दातांचे, वाकड्या मानेचे प्राणी. मुखवट्यासारखे चेहरे. एकमेकांकडे पाठ करून बसलेली माणसं. कवितेत जो प्रकाश, आकाश, शेफालीची फुलं, त्यातलं इथे काही म्हणजे काही नाही.

गंमत म्हणजे चित्रकलेची हौस त्यांना आधीपासून होती आणि जमत नव्हतं. घरात अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ असे पुतणे, दोघेही नावाजलेले चित्रकार, तेव्हा आपल्याला येत नाही हे रोज डोळ्यासमोर. १९०० साली जगदीशचंद्र बोसांना लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की मी स्केचबुक घेऊन बसलोय, ऐकून तुम्हाला नवल वाटेल, पण आई जशी आपल्या सगळ्यात कुरूप पोरावर जास्त माया करते तशी जी विद्या आपल्याला सहज येत नाही तिचीच मला ओढ लागलीय. आणि पुढे लिहितात की पेन्सिलीपेक्षा रबरच जास्त चालतोय, त्यामुळे इटलीतल्या थोर चित्रकार राफाएलने थडग्यात निवांत पडून राहायला हरकत नाही. वय एकोणचाळीस. हे पत्र मला फार आवडतं कारण त्यात गुरुदेव नाहीत, आपल्यासारखाच एक खोडरबर घासत बसलेला माणूस आहे.

मग चोवीस वर्षांनी काय बदललं? रबर बंद झाला.

म्हणजे असं. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते पेरूला निघाले, तिथल्या स्वातंत्र्यलढ्याच्या शताब्दीसाठी बोलावणं होतं, पण बोटीवरच आजारी पडले आणि अर्जेंटिनातच थांबावं लागलं. ब्युनोस आयर्सजवळ सान इसिद्रो म्हणून गाव आहे, समोर समुद्रासारखी रुंद नदी, तिथल्या एका बंगल्यात त्यांची सोय केली व्हिक्तोरिया ओकाम्पो नावाच्या बाईंनी. या स्वतः लेखिका, त्यांच्या कवितांच्या भक्त. तिथे आरामखुर्चीत बसून ते 'पूरबी' या संग्रहातल्या बंगाली कविता लिहीत होते. ओकाम्पोबाईंनी ती वही पाहिली आणि त्या कवितांपेक्षा खाडाखोडीतच अडकल्या. कवितांची भाषा त्यांना येत नव्हती हे एक, पण तेवढंच नाही.

आता ते पान जरा जवळून बघू. मी पोटापाण्यासाठी प्रुफं तपासते, त्यामुळे खाडाखोड हा माझा रोजचा माल आहे. लोक काट कशी मारतात यावरून मी लेखक ओळखू शकते (स्वभाव नाही, फक्त लेखक). कुणी एक सरळ रेघ मारतं आणि शब्द खाली वाचता येतो, कुणी जिलबी घालतं, कुणी इतकं दाबून गिरवतं की मागच्या पानावर उमटतं. रवींद्रनाथ तिसऱ्या जातीचे. खोडलेला शब्द ते शाईने पूर्ण भरून टाकतात, एक काळा ठोकळा होतो. मग खालच्या ओळीत दुसरा ठोकळा. पानावर असे पाच-सात ठोकळे इकडेतिकडे सांडले की पान गचाळ दिसतं, आणि लय हा ज्याचा धंदा त्याला ते सहन होणार कसं. म्हणून ते दोन ठोकळ्यांना जोडणारी एक रेघ काढतात. मग त्या रेघेला बाक येतो, बाकाची मान होते, मानेला चोच, आणि समासापर्यंत जाता जाता एक अख्खा प्राणी तयार होतो ज्याच्या पोटात चार टाकून दिलेले शब्द आहेत. कवितेच्या राहिलेल्या ओळी त्याच्या अंगाभोवती, पायांमधून वाट काढत चाललेल्या. आधीच्या वह्यांतही ते असं करायचे, पण 'पूरबी'त नुसता पूर आलाय.

या प्राण्यांबद्दल त्यांनी स्वतः लिहिलंय की हा असू शकला असता असा एक प्राणी, पण का कोण जाणे त्याची अस्तित्वात यायची संधी हुकली. वाक्य किती साधं आहे बघा, पण मी त्यावर बराच काळ अडकलेय. आपल्या सगळ्यांत असे संधी हुकलेले प्राणी असतातच की. कॉलेजात नाटक करणारी मी, बँकेची परीक्षा पास होऊन सोलापूरला पोस्टिंग घेतलेली मी, तेव्हा ज्याला नाही म्हटलं त्याच्याशी लग्न करून न्यू जर्सीत बर्फ उपसणारी मी. त्या खोडल्या गेल्या. पण खोडलेलं पानावरून जात नाही, प्रुफं तपासणाऱ्या कुणालाही विचारा.

इथे एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. ज्या ऑक्टोबरात रवींद्रनाथ बोटीत बसले त्याच महिन्यात पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ या लेखकाचा सररिअलिझमचा, म्हणजे स्वप्न आणि सुप्त मनातून कला काढणाऱ्या चळवळीचा, जाहीरनामा छापला गेला. ब्रेताँ मूळचा मेडिकलचा विद्यार्थी, पहिल्या महायुद्धात मनोरुग्ण सैनिकांच्या वॉर्डात काम केलेला, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड वाचलेला. त्याचं म्हणणं, की मनावरचा बुद्धीचा पहारा उठवा आणि हात चालेल तसा चालू द्या. आंद्रे मासाँ वगैरे चित्रकार मंडळी तशी चित्रं काढायलाही लागली होती, हेतू न ठेवता पेन फिरवायचं आणि आकार दिसू लागला की त्याच्यामागे जायचं. म्हणजे एकीकडे पॅरिसमध्ये तरुण पोरं सिद्धान्त मांडून, भांडणं करून, ठरवून नेणिवेत उतरतायत आणि त्याच सुमारास त्रेसष्ट वर्षांचा एक आजारी कवी आरामखुर्चीत बसून पान नीट दिसावं म्हणून तेच करतोय. त्याला कुणाचा जाहीरनामा नको होता.

फ्रॉइडलाही ते भेटले, १९२६ साली व्हिएन्नात. कलकत्त्यात तर गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच मनोविश्लेषकांची संस्था काढली होती, आणि या मंडळींनी फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली, ती त्याने आपल्या टेबलावर ठेवली. म्हणजे बंगालला सुप्त मन हा विषय नवा नव्हता. तरी रवींद्रनाथांच्या चित्रांवर फ्रॉइडची फुटपट्टी लावायला गेलं की ती अपुरी पडते असं माझं मत आहे. कारण त्या चित्रांत जे आलंय ते सगळं 'आतून' आलेलं नाही. त्यांनी देशोदेशीची म्युझियमं पाहिली होती, आदिवासी कलेची पुस्तकं चाळली होती, पॅसिफिक बेटांवरची लाकडी कोरीव कामं डोळ्याखालून गेली होती, आणि हे सगळं त्यांच्या प्राण्यांत दिसतं. १९२२ साली कलकत्त्यात बाउहाउस या जर्मन कलाशाळेतल्या मंडळींचं प्रदर्शन झालं होतं, क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची कामं होती त्यात. नेणिवेतसुद्धा माल कुठूनतरी भरलेला असतोच, फक्त पावती हरवलेली असते.

आता चेहऱ्यांकडे येते, कारण माझी खरी गोष्ट तिथे आहे.

दिल्लीला इंडिया गेटजवळ जयपूर हाउसमध्ये नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे, तिच्या संग्रहात त्यांची बरीच चित्रं आहेत. मी तिथे गेले होते अमृता शेरगिल बघायला, आणि या बाईसमोर थांबले. बाई म्हणजे कागदावर शाईने काढलेला एक लांबट चेहरा. डोक्यावरून पदर आहे पण पदराची कड कुठे संपते आणि मागचा अंधार कुठे सुरू होतो ते कळत नाही. मागचं सगळं काळपट तपकिरी, रेघेवर रेघ, रेघेवर रेघ, इतकं की कागदाला जाडी आल्यासारखी वाटते. उजेड फक्त कपाळावर आणि नाकाच्या दांड्यावर, तोही पिवळा, आजारी माणसाच्या खोलीत असतो तसा. डोळे मोठे आणि थेट. पण त्यांत भाव कुठला म्हणाल तर सांगता येत नाही, दुःख म्हणावं तर रडवेले नाहीत, राग म्हणावं तर भुवया स्वस्थ आहेत. नावाची पाटी बघायला वाकले तर 'शीर्षक नाही'. जवळजवळ सगळ्यांना तेच, कारण ते नावंच देत नसत. लोक अर्थ विचारायचे तेव्हा त्यांचं उत्तर असं, की माझी चित्रं गप्प आहेत तसा मीही गप्प राहतो. शब्दांवर ज्याचं आयुष्य उभं त्याने शब्द द्यायला नकार द्यावा, यात मला थोडा हट्टही दिसतो आणि थोडी सुटकाही.

ही बाई कोण, यावर भरपूर लिहिलं गेलंय. ती कादंबरीदेवी, असं म्हणतात, रवींद्रनाथांच्या एका थोरल्या भावाची बायको, लहानपणापासूनची सोबतीण, पहिली वाचक. १८८४ च्या एप्रिलमध्ये तिने आत्महत्या केली, रवींद्रनाथांचं लग्न होऊन चार-पाच महिने झाले होते. तिचे डोळे त्यांच्या मनावरून कधी पुसले गेले नाहीत आणि चित्रांतल्या बायकांचे डोळे ते तिचेच, अशी ही मांडणी. असेलही. चाळीस-पन्नास वर्षं एखादी नजर माणसाच्या हातात मुरून राहू शकते हे मला अजिबात अशक्य वाटत नाही. पण प्रत्येक बाईत कादंबरी शोधायची म्हणजे पुन्हा ते रीलवालंच झालं, डोळे काढले म्हणजे अमुक. मला त्या चेहऱ्यासमोर जे जाणवलं ते असं, की काढणाऱ्यालाही ती कोण हे माहीत नव्हतं. रेघा मारत मारत अंधार दाट करत गेला आणि जिथे कागद मोकळा राहिला तिथून कुणीतरी बघायला लागलं.

आणि हे मला कसं माहीत, तर माझ्या आत्यामुळे. पुण्यात एका मैत्रिणीने मला जबरदस्तीने एका वर्कशॉपला नेलं होतं (हो, ज्यांना मी वर शिव्या घातल्या तसल्याच), तिथे डाव्या हाताने, कागदाकडे न बघता, चेहरा काढायला सांगितला. बाकीच्यांचे बटाटे आले. माझ्या कागदावर आली आत्या. आमच्या घराण्याचं नाक, टोकाला जरा खाली वळलेलं, आवळलेले ओठ, आणि हनुवटी अशी पुढे काढलेली की आता ही म्हणणार, "हे काय, चपात्या अजून झाल्या नाहीत?" माझं आणि आत्याचं कधी जमलं नाही. ती गेली तेव्हा मला फार काही वाटलं नव्हतं आणि त्याचंही मला काही वाटलं नव्हतं. मैत्रीण म्हणाली, अगं हे तर सेम तू दिसतेस! बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. शिकवणाऱ्या ताई पुढे सरसावल्या की बघा, काहीतरी मोकळं होतंय, रडू येत असेल तर येऊ द्या. रडू कसलं, मला हसू आवरेना.

म्हणजे मला 'स्वतः' सापडले का? नाही. सापडली ती आत्या, जिला मी माझ्यातून वर्षानुवर्षं खोडत आलेय, तिच्यासारखं बोलायचं नाही, तिच्यासारखं हिशोब ठेवत बसायचं नाही, तिच्यासारखं कुणाच्या घरात शिरल्या शिरल्या पडद्यांना हात लावून बघायचं नाही. इतकं दाबून खोडलं की मागच्या पानावर उमटलं. तो कागद मी घरी आणला, फ्रीजवर लावला, नवऱ्याने येताजाता दोन दिवस बघितला आणि म्हणाला, "वन्सं आल्यात वाटतं," माझी आई तिला म्हणायची तसंच. मग मी तो काढून कपाटात ठेवला.

तेव्हापासून मला असं वाटतं की चित्र आपली ओळख पटवून देतं हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की ज्या ओळखीवर आपण आधारकार्डासारखी सही करून बसलेलो असतो ती ओळख चित्र थोडी ढिली करतं, आणि त्या फटीतून जे येतं ते आपलंच असतं असंही नाही. रवींद्रनाथांच्या बाबतीत तर हे फारच. विचार करा, १९१३ च्या नोबेलनंतर हा माणूस जगभर 'पूर्वेचा ऋषी' म्हणून हिंडतोय. जाईल तिथे फोटो. जाईल तिथे लोक पायाशी. हा चेहरा आता त्यांचा राहिलेलाच नाही, तो आधी पोचतो आणि ते मागून.

आणि त्या चेहऱ्याची एक गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. १८७८ साली, विलायतेला जायच्या आधी, सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना इंग्रजी रीतभात शिकायला मुंबईत आत्माराम पांडुरंग तर्खडांच्या घरी ठेवलं होतं. हे प्रार्थना समाजाचे संस्थापक, डॉक्टर. त्यांची मुलगी अन्नपूर्णा, घरच्यांची ॲना, इंग्लंडात राहून आलेली, वयाने थोडी मोठी. तिने शिकवायचं होतं. त्याने तिला नलिनी असं नाव दिलं. आणि तिने त्याला सांगितलं की तू दाढी कधी ठेवू नकोस, चेहऱ्याची रेषा कशानेही झाकू देऊ नकोस. हे त्यांनी अगदी शेवटी, बालपणीच्या आठवणी लिहिताना सांगितलंय आणि वर म्हटलंय की तो सल्ला मी पाळला नाही हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण माझ्या तोंडावर झळकणारी ती अवज्ञा बघायला ती राहिली नाही. ॲना १८९१ मध्येच गेली, तिकडे एडिंबरोला.

आता हे डोक्यात ठेवून त्यांनी स्वतःच्या छापील फोटोवर केलेले उद्योग बघा. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी स्वतःचा छापलेला फोटो घेऊन त्यावर शाईने, रंगाने चढवून चढवून असं काही केलंय की एकात ते कुणी चेटकी वाटतात, एकात बाई, एकात नुसताच काळवंडलेला मुखवटा. शाळेत आपण इतिहासाच्या पुस्तकातल्या राजांना मिशा काढायचो तोच प्रकार, फक्त इथे राजा स्वतःच पेन घेऊन बसलाय. ऋषीचा फोटो हीसुद्धा त्यांच्या दृष्टीने एक छापील ओळच होती, आणि ती खोडायची पद्धत त्यांच्या हाताला आधीच ठाऊक होती. आत्मचित्र म्हणजे आरशात बघून हुबेहूब, हे आपल्या डोक्यातलं गणित इथे साफ उलटं पडतं. हा माणूस आपला चेहरा शोधत नाहीये. तो आपल्या चेहऱ्यापासून थोडी सुट्टी घेतोय.

१९३० च्या मे महिन्यात पॅरिसला गॅलरी पिगालमध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं, तेही ओकाम्पोबाईंनीच धावपळ करून जुळवून आणलं. मग त्याच वर्षी बर्मिंगहॅम, बर्लिन, मॉस्को, न्यूयॉर्क. आपल्याकडे दाखवायला त्यांना धास्ती वाटत होती, आणि त्यांनी म्हटलंही होतं की कविता माझ्या देशबांधवांसाठी, चित्रं पश्चिमेसाठी. यात मला एक अगदी माणसासारखी गोष्ट दिसते. बंगालीत त्यांना सगळे ओळखत होते. प्रत्येक ओळीचा मागचा संदर्भ लावणारे, हे कुणाबद्दल लिहिलंय विचारणारे, व्याकरण काढणारे. रेघेला तसं काही नाही. तिथे ते नवशिके होते, हात कच्चा होता, लाल रंग नीट दिसत नाही अशी त्यांची तक्रार होती, घरात मोठमोठे चित्रकार बसलेले होते आणि तरीही, किंवा म्हणूनच, त्यांना मोकळं वाटत होतं. सत्तरीच्या उंबरठ्यावर अनोळखी होण्याची सोय किती जणांना मिळते.

ज्यांना पॅरिस-दिल्ली शक्य नाही त्यांच्यासाठी जादवपूर विद्यापीठाने 'बिचित्रा' नावाची वेबसाइट केलीय, तिथे त्यांची हस्तलिखितं पानापानाने बघता येतात, फुकट. रात्री जेवणं आटोपल्यावर मी कधीकधी ती उघडून बसते. बंगाली येत नाही त्याचा फायदाच होतो.

बाकी माझ्या प्रुफांवर आता समासात सर्रास काहीबाही येतं. पूर्वी मी ते पेन्सिलीने करून पाठवायच्या आधी पुसायचे, आता पुसत नाही, लाल पेननेच करते, आणि वगळलेल्या दोन परिच्छेदांना जोडायला रेघ मारली की तिला शेपूट फुटतंच. मागच्या महिन्यात एका आरोग्यविषयक पुस्तकाच्या प्रुफावर, मूळव्याधीच्या प्रकरणात, असाच एक लांब मानेचा गडी तयार झाला होता, खाली वळलेल्या चोचीचा. डीटीपीवाल्या मुलाचा फोन आला, आवाज अगदी गंभीर. "ताई, पान एकशे बारा. बाकीच्या करेक्शन्स घेतल्या. हा कोंबडा ठेवायचाय की डिलीट?"

मी म्हटलं, डिलीट. पण पान परत पाठव.